आरशात उरलेली जागा

सोलापूर जिल्ह्यात अंगावर गणवेश घालणारा असा एकही माणूस नसेल, ज्याला आमच्या साडूंनी एकदा तरी नखशिखान्त न्याहाळून त्याच्या मापाचा आकडा त्याच्या तोंडावर सांगितलेला नाही. पोलीस, कंडक्टर, बँडवाले, कुर्डुवाडीचे रेल्वेवाले, शाळांचे शिपाई, सगळे कधी ना कधी त्यांच्यासमोर उभे राहिलेले. एका गणवेशाच्या दुकानात साडू काउंटरवर असतात, असं लोक म्हणत. माझ्या मते साडू तिथे असत आणि त्यांच्या मागे थोडंसं दुकान असे. त्यांचा देहच तेवढा होता. त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी, एवढ्या एका कारणावर आमची तीस वर्षांची मैत्री टिकली आहे. बाकी आमच्यात समान काही नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांना नंबर देत आलो, ते माणसांना.

टेपचा त्यांना मनस्वी तिटकारा. गिऱ्हाइकाला ते भिंतीत बसवलेल्या आरशासमोर ओढत, स्वतः त्याच्या शेजारी छाती काढून उभे राहत, आरशात एक नजर टाकत आणि न्यायाधीशाने शिक्षा सुनावावी तसं म्हणत, "चाळीस." चुकून कुणी म्हणालंच, की एकदा मोजून तरी बघा, तर उत्तर ठरलेलं होतं. "टेप कुणाला लागती? ज्येला डोळं न्हाईत त्येला. आमाला द्येवानं दोन दिल्यात की!" मलाही त्यांनी सोडलं नाही. लग्नात पहिल्यांदा ओळख करून दिली तेव्हा नमस्कार करण्याआधी ते म्हणाले, "पाव्हणं, तुमी छत्तीस. ते बी आतनं बनियन हाय म्हणून." त्या दुकानात मी असंख्य वेळा गेलो असेन, पण आरशात मला माझा एक खांदा आणि अर्धा कान यापलीकडे काही दिसलं नाही. उरलेला आरसा साडूंनी भरलेला असे. याकडे तेव्हा मी फक्त अडचण म्हणून पाहिलं.

कपड्यांबद्दल त्यांचं तत्त्वज्ञान कडक होतं. कपडा माणसाला धरून पाहिजे. ढगळ कपडे घालणारा माणूस त्यांच्या लेखी चारित्र्याने सैल. स्वतः ते इस्त्रीचा बुशशर्ट पँटीत खोचून वर असा पट्टा आवळत, की जेवल्यावर बोलताना त्यांना वाक्य दोन हप्त्यांत पूर्ण करावं लागे. पुढे गुडघे बोलू लागले, साखर वाढली, झोपेत श्वास अडकू लागला, आणि आक्कांनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीने, त्यांना पोट लहान करायच्या ऑपरेशनला उभं केलं. भूल चढण्याआधी सर्जनकडे एकटक बघत साडूंनी जे शेवटचं वाक्य उच्चारलं, ते दवाखान्यात अजून सांगतात म्हणे. "डाक्टर, तुमचा कोट दोन नंबर मोठा हाय."

ऑपरेशन उत्तम झालं. चार भाकरी पचवणारा माणूस वाटीभर ताक घोटाघोटाने पिऊन "झाली पंगत" म्हणत पाट सोडू लागला. वजन असं उतरलं की ओळखीचे लोक रस्त्यात आधी आक्कांना ओळखत आणि मग शेजारच्या गृहस्थांची चौकशी करत. हे सगळं साडूंनी हसत सोसलं. जिव्हारी लागली ती एकच गोष्ट. टाक्यांना काच नको म्हणून डॉक्टरांनी पट्टा बंद केला आणि सैल, सुती कपडे घाला म्हणून सांगितलं. आक्कांनी नाडीचे लेंगे आणि मऊ मलमली सदरे शिवले. त्या वेशात, अंगाला चिकटून खाली ओघळणाऱ्या सदऱ्यात, साडू दीड महिन्याने कामावर रुजू झाले. दुकानाचे मालक म्हातारे, विणकरांच्या घरातले, घरी तेलुगू बोलणारे. साडूंना बघून त्यांनी चष्मा पुसला. "एमय्या! दुकान गणवेशाचं आन् तुमी अंथरुणातनं उठून आल्यासारखं?"

"मालक, हा बी गणवेशच हाय," साडू म्हणाले. "पेशंटचा."

पहिल्याच आठवड्यात एका साखर कारखान्याचे रखवालदार मापं द्यायला आले. साडूंनी एकेकाला आरशासमोर घेतलं, एकेक आकडा सुनावला, कपडे बांधून दिले. ते पहिल्यांदा घातले गेले चेअरमनसाहेबांच्या वाढदिवसाला. गाडी फाटकात आली, रखवालदारांनी सलामासाठी हात उचलले आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंनी बगला उसवल्याचा आवाज आला. पुढच्यांनी शहाणपणाने हात उचललेच नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा चेअरमनसाहेब सलामाशिवाय स्वतःच्या कारखान्यात शिरले. मला व्यक्तिशः ही घटना लोकशाहीच्या दृष्टीने आश्वासक वाटली, पण मालकांना वाटली नाही. गठ्ठा परत आला. त्यानंतर एक पोस्टमन आला, मग एक अख्खं बँडपथक आलं, सगळ्यांना कपडे घट्ट. मालकांनी काउंटरच्या खिळ्याला नवीकोरी टेप टांगली आणि साडूंना, आवाज न चढवता, सांगितलं, "हा शनिवार बघू. न्हाय जमलं तर सोमवारपासनं मागं गोडाऊनला बसा. तितं पंखा बी हाय."

शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो तर साडू पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसलेले. "पाव्हणं, डोळं गेलं माझं," ते म्हणाले. "सगळी मानसं बारीक दिसाय लागलीत. जो हुबा ऱ्हातो त्यो आरशात आख्खाच्या आख्खा मावतोय."

मी मोतीबिंदूची चौकशी केली. त्यांनी माझ्याकडे इतक्या दुःखाने पाहिलं की मी चहा मागितला.

आक्का त्यांचे जुने बुशशर्ट देऊन टाकायला काढत होत्या. पण द्यायचं ते नीट द्यायचं, हा त्यांचा बाणा. म्हणून प्रत्येक शर्टाला खळ घालून, कडक इस्त्री करून घड्या रचलेल्या. रात्री वादळी पाऊस झाला, मी तिथेच मुक्काम केला आणि दोरीवरचे दोन्ही मलमली सदरे सकाळी ओलेचिंब. वेळ झालेली. आक्कांनी त्या ढिगातला वरचा बुशशर्ट त्यांच्या डोक्यातून घातला आणि मला म्हणाल्या, "तुमी जरा संगं जावा. आज ह्यांचं मन थाऱ्यावर न्हाय."

खळीने तो शर्ट असा ताठला होता की साडूंच्या अंगाला कुठेच टेकत नव्हता. शर्ट त्याच्या जुन्या मापाने चालला होता आणि आत कुठेतरी साडू चालले होते. दुकानात एक हवालदार उभा होता. मालक टेपला हात घालणार तेवढ्यात साडूंनी सवयीने त्याला आरशासमोर ओढलं, शेजारी उभे राहिले आणि आरशात नजर टाकली. मग आवाज आला, जुना. "बेचाळीस. पोटाला गुंडी जरा सरकवून."

मालकांनी टेप लावली. छाती मोजली, पोट मोजलं, पुन्हा छाती मोजली. "बेचाळीसच की वो," ते म्हणाले आणि टेप गुंडाळून गल्ल्याच्या खणात टाकून दिली.

मी मागे उभा होतो. आरशात मला माझा एक खांदा आणि अर्धा कान दिसला, आणि ग्रंथालयात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या डोक्यात तीस वर्षांनी उजेड पडला. साडू माणसं मोजतच नव्हते. ते स्वतःच्या शेजारी किती जागा उरते आणि तीत माणूस किती मावतो, ते बघत होते. मापाची काठी ते स्वतःच होते आणि ती आम्ही दवाखान्यात नेऊन तासून आणली होती.

हे मी एकट्या आक्कांना सांगितलं. त्या हसल्या आणि सुई शोधायला लागल्या. तेव्हापासून साडू खळीचा जुना बुशशर्ट घालूनच काउंटरवर उभे राहतात. पोटाला काच नाही, वारा खेळतो, आणि "कपडा माणसाला मोकळं ठेवणारा पायजे," असं ते गिऱ्हाइकांना अगदी जन्मापासूनचं मत असल्यासारखं सुनावतात. आक्का मात्र धुवायला आलेला शर्ट दर वेळी आतल्या शिवणीतून बोटभर आत घेत गेल्या. डोळ्याला कळू नये, पण डोळा शिकत जावा, इतकाच.

परवा दुकानात गेलो. साडूंनी एका कंडक्टरला अडोतीस सांगून वाटेला लावलं आणि माझ्याकडे वळले. "पाव्हणं, तुमच्या आक्काला वाटतंय मला कळत न्हाय. आवो, अख्ख्या जिल्ह्याची शिवण बघणारा मी. माझीच न्हाय व्हय दिसायची?"

"मग बोलत का नाही?"

"कशाला? ती लई मन लावून करती." मग म्हणाले, "या, हितं हुबं ऱ्हावा. बघू."

मी आरशासमोर त्यांच्या शेजारी उभा राहिलो. "चौतीस," ते म्हणाले. "वाळलाय तुमी." आरशात पहिल्यांदाच मी पूर्ण मावलो होतो, दोन्ही खांदे, दोन्ही कान. आमच्या दोघांच्या मध्ये थोडी भिंतसुद्धा दिसत होती. मी नकळत त्यांच्याकडे सरकून उभा राहिलो.