मुळशीच्या पाण्यात पडलेली देवी

काल सकाळी मुळशीला एका आजींनी मला हात जोडले... आणि मी पाण्यात पडले. गोष्ट एवढीच, पण डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला नुकतीच शिकलेय, चुका सांभाळून घ्या.

आधी थोडं त्या पाण्यावरच्या उद्योगाविषयी. त्याला स्टँड-अप पॅडलबोर्डिंग म्हणतात. लांब फळीसारख्या बोर्डवर उभं राहायचं आणि उंच वल्ह्यानं पाणी मागे सारत जायचं. माझा दादा अमेरिकेहून येताना हवा भरायचा बोर्ड घेऊन आला होता. मी त्याला वेड्यात काढलं. मी लातूरची हो... आमच्याकडे पाणी टँकरच्या रांगेत बघायचं, त्यावर उभं कोण राहणार?

पण माझा नवरा, संजय, गेल्यानंतरचे हिवाळे या बोर्डानं निभावून नेलेत.

पुण्याजवळच्या मारुंजीतली आमची सोसायटी तशी खूप प्रेमळ आहे. सगळ्या नोकरीवाल्या, शिकलेल्या, बहुतेक माझ्यासारख्याच बाहेरगावाहून आलेल्या. संजयनंतरच्या पहिल्या संक्रांतीला तिळगूळ आठवणीनं हातात ठेवला सगळ्यांनी. पण हळदीकुंकवाचा करंडा माझ्यापर्यंत यायचा आणि हळूच पुढच्या बाईकडे वळायचा. वाईट कुणीच वागलं नाही. त्यांचे ते अवघडलेले चेहरे मात्र मला बघवेनात. आणि खरं सांगू? मला ते कुंकू हवं असायचं.

म्हणून मग संक्रांत ते रथसप्तमी, दर रविवारी उजाडायच्या आत गाडीत बोर्ड टाकायचा आणि मुळशी गाठायची. थंडीत तिथलं पाणी हलतसुद्धा नाही. बोटं गारठतात, नाक लाल होतं, आणि तोल सांभाळायच्या नादात बाकी काही आठवत नाही. उभं राहायचं, एवढंच काम.

काल धुकं जरा जास्तच होतं. लाइफ जॅकेटवरून मी आईची हिरवी शाल गच्च गुंडाळली होती. काठाकाठानं जात एका वळणाआड शिरले, तर समोर शेंदूर फासलेले सात दगड... साती आसरा, पाण्यातल्या देवी. त्यांना नैवेद्य दाखवायला एक आजी आणि त्यांची सून आल्या होत्या.

आता जरा त्यांच्या बाजूनं बघा. धुक्यातून एक बाई येतेय. होडी दिसत नाही, बोर्ड धुक्यात झाकलेला. हिरवं वस्त्र, हातात काठी, आणि पाण्यावर सरळ उभी... सून ताटासकट दोन पावलं मागे सरली. आजींनी पदर सावरला, हात जोडले आणि तिथेच वाकल्या.

आणि आपले संस्कार! वडीलधाऱ्या बाईनं हात जोडले की आपले आपोआप जोडले जातात. मी वल्हं सोडून भक्तिभावानं नमस्कार केला... आणि धप्पकन पाण्यात. कमरेएवढ्या पाण्यातून देवी "आई गं!" म्हणून किंचाळली.

"आगं बया... ही तर मानूस हाय!" आजी म्हणाल्या, आणि जे हसत सुटल्या!

दोघींनी मला ओढून बाहेर काढलं. त्यांचं घर वरच, भाताच्या खाचरांपलीकडे. चुलीपुढे बसवलं, सुनेनं स्वतःचं पातळ नेसायला दिलं, वर गुळाचा चहा. माझे दात वाजत होते आणि हसूही आवरत नव्हतं. दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला आजी हाक मारून सांगत होत्या, "आसरा पडली व्हती पान्यात, मीच काडली!"

निघायला उठले तर आजी कुंकवाचा करंडा घेऊन समोर. संक्रांतीचे दिवस, घरी आलेली बाई तशीच कशी जाऊ द्यायची? जे चुकवायला इतक्या लांब आले, त्याचीच इथे चुलीपाशी गाठ पडली. मी मागे सरकले. म्हटलं, "आजी, मला नको... मिस्टर नाहीत माझे."

सून खाली बघायला लागली. मला वाटलं, झालं. आता इथेही तेच चेहरे.

आजी मात्र चिडल्याच. "मंग? त्या साती जनींला तरी कुटं नवरा हाय? गावाचं हळदकुकू पयलं त्यास्नीच जातंय की! मगाशी तुला हात जोडलं म्या, आन् आता कुकू लावाया नको व्हय? हो पुढं."

आणि लावलं. अंगठ्यानं, चांगलं दाबून. मी रडले. चुलीच्या धुराचं निमित्त हाताशी होतं, पण नाही केलं.

दुपारी घरी पोचले तर पहिल्या मजल्यावर वैशालीकडे हळदीकुंकू चाललेलं. तिच्या उघड्या दारावरून जायला नको म्हणून एरवी मी लिफ्टनं गुपचूप वर जाते. काल जिना चढले आणि त्या परक्या पातळात, ओल्या केसांनी, तशीच आत शिरले.

वैशाली माझं कपाळ बघत राहिली. तिचा हात करंड्यावरच थांबला... मी एक पाऊल पुढे झाले. तिनं आजींच्या कुंकवावरच कुंकू लावलं आणि मला मिठी मारली. "तुला विचारायचीच भीती वाटायची गं," म्हणाली. आणि मी समजत होते, भीती फक्त मलाच वाटते.

पुढच्या रविवारी पातळ परत द्यायला जायचंय, वाण घेऊन. सोबत वैशालीपण येते म्हणतेय. मी बोर्डवरूनच जाणार. आजी पुन्हा हात जोडतील, चेष्टेनं का होईना... पण या वेळी मी आधी काठाला उतरणार आहे. पाया पडायचंय त्यांच्या.