बोटीच्या आधीचा आठवडा

हॉटेलच्या धुलाईखान्यात त्यांना सगळे मावशी म्हणत. खरं नाव विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं. तळघरातली लांबट खोली, वाफेनं कायम ओल्या भिंती आणि मोठ्या इस्त्रीयंत्रातून सरकत येणाऱ्या पांढऱ्या चादरी. दोन टोकं मावशींनी धरायची, दोन समोरच्या बाईनं. झटकायची, घडी घालायची, थप्पीवर ठेवायची. अर्धं आयुष्य त्यातच गेलं. वरच्या मजल्यावरच्या पलंगांवर त्या कधी टेकल्यासुद्धा नव्हत्या. त्यांची हौस एवढीच होती की एकदा दुसऱ्या कुणीतरी घातलेल्या अंथरुणावर झोपावं आणि सकाळी ते तसंच विस्कटलेलं टाकून उठावं.

नवऱ्याला ही हौस ठाऊक होती. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. माणूस सरळ, मनानं मऊ, पण कमालीचा घाईचा. गाडी पकडायची असली की ती फलाटाला लागायच्या कितीतरी आधी हा बॅग मांडीवर घेऊन बाकावर बसलेला. कुणाकडे जेवायला बोलावलं तर यजमानीणबाई अजून केस विंचरत असायच्या. मित्रांनी त्याचं नावच पाडलं होतं, 'आधीच'.

निवृत्ती जवळ आली तसा तो एक दिवस ट्रॅव्हल कंपनीच्या कचेरीत जाऊन आलिशान बोटीची चौकशी करून आला. बोट दूरच्या एका बंदरातून सुटणार होती आणि फिरत फिरत त्यांच्याच किनाऱ्याला येऊन थांबणार होती. म्हणजे विमान फक्त जाताना. बुकिंगवाल्या बाईनं त्याला नीट समजावलं होतं. बोटीची खोली वर्ष-दीड वर्ष आधी घेतली तर स्वस्त पडते, गॅलरीवाली मिळते, पुढे भाव उतरले तर फरकही मागता येतो. विमानाचं मात्र थांबा, इतक्या आधी त्यात फारसं काही वाचत नाही, उलट तारीख हलली तर तिकीट अंगावर पडतं. पहिलं ऐकून स्वारी इतकी खूश झाली की दुसरं कानावरून गेलं. त्याच संध्याकाळी त्यानं विमानाची तिकिटं काढून टाकली, तीही सगळ्यात स्वस्त, म्हणजे बदलता न येणारी.

मावशी वर्षभर हवेत होत्या. चादरी झटकताना समोरच्या बाईला गॅलरीचं वर्णन ऐकवायच्या. ती बिचारी दर वेळी नव्यानं ऐकल्यासारखी मान हलवायची.

मग कंपनीकडून निरोप आला. बोट दुरुस्तीला जाणार, सुटायला एक आठवडा उशीर. खोली तीच, भाव तोच, झालेल्या त्रासाबद्दल जहाजावर खर्चायला थोडी रक्कमही देऊ केली होती. विमान कंपनीनं मात्र हात वर केले. तारीख बदलायची तर जवळजवळ नवं तिकीट काढण्याइतका भुर्दंड. त्यात मावशींचा भाऊ रविवारी जेवायला आला आणि सहज म्हणाला की आता तर नव्या तारखेची तिकिटं तुमच्या जुन्यांपेक्षाही स्वस्त झालीत. मावशींनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण बोलून गेलं ते गेलं.

नवऱ्यानं ते मनाला फार लावून घेतलं. तो वादही घालेना, चिडेनाही. दाताच्या डॉक्टरकडे उशिरा गेला. एका निरोपसमारंभाला पोहोचला तेव्हा लोक कोट चढवून निघाले होते. चहाचा कप हातात धरून खिडकीशी नुसता बसून राहायचा. इतक्या वर्षांत ज्या घाईला मावशी कंटाळल्या होत्या, ती गेल्यावर घर त्यांना खायला उठलं.

एके सकाळी त्याच्यासमोर खुर्ची ओढून त्या म्हणाल्या, "आपण जुन्याच तारखेला जाऊ."

"आणि आठवडाभर काय बंदरावर बसून राहायचं?"

"हो. बसू. आपण दोघं कधी नुसते बसलोयत का कुठे?"

त्यानं उठून माळ्यावरची बॅग खाली काढली.

धुलाईखान्यातल्या एकीच्या ओळखीनं बंदराजवळ एक खोली मिळाली. खाली दोऱ्या आणि रंगाचे डबे विकणारं दुकान, वर दोन अरुंद पलंग, कुरकुरणारी खिडकी. खिडकीतून क्रेन दिसत. पहिल्या सकाळी मावशींनी सवयीनं चादर ओढून घडी घालायला घेतली, तेवढ्यात घरमालकीणबाई चहा घेऊन वर आल्या. "ते माझं काम आहे, ठेवा ती," असं दटावून त्यांनी चादर हातातून काढून घेतली. मावशींना हसू आवरेना.

सकाळी दोघं धक्क्यावर जात. नवरा ओझी उचलणाऱ्या यंत्रांकडे बघत बसायचा. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी तो आपणहून बोलू लागला. लिफ्टच्या विहिरीत एकदा अडकला होता, घरी कधी सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत आपण तुला फार एकटं टाकलं, असंही म्हणाला. मावशींना त्यावर बरंच काही बोलायचं होतं, वर्षानुवर्षं साठलेलं. त्या बोलल्या. एकदा चांगलं वाजलंही दोघांचं, भर धक्क्यावर, आणि नंतर दोघांनी एकाच पुड्यातला तळलेला मासा खाल्ला.

बोट आली ती सकाळच्या धुक्यातून, आख्खी इमारत सरकत यावी तशी. गॅलरीवाली खोली बुकिंगवाल्या बाईनं सांगितली होती तशीच निघाली. शेजारच्या खोलीतल्या जोडप्यानं शेवटच्या महिन्यात बुकिंग केलं होतं. त्यांना जास्त पैसे मोजावे लागले आणि गॅलरीही मिळाली नाही. हे कळल्यावर नवऱ्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तेज आलं. मावशींनी त्याला ते मनसोक्त उगाळू दिलं. विमानाचा विषय त्यांनी काढला नाही, त्यानंही नाही.

पलंग मऊ होता. मावशींना पहिल्या रात्री झोप लागली नाही, दुसऱ्या रात्री मात्र उजाडेपर्यंत लागली.

परत आल्यावर धुलाईखान्यातल्या बायकांनी बोटीचं विचारलं. मावशी दोन वाक्यांत बोट संपवून दुकानावरच्या खोलीकडे वळल्या. पुढच्या वर्षी भावानं पुन्हा बोटीच्या जाहिराती आणून दाखवल्या. नवऱ्यानं त्या बाजूला सारल्या आणि बंदरावरच्या घरमालकीणबाईंना फोन लावला, खोली रिकामी आहे का म्हणून.