मध खाणाऱ्याचं नाव

दादाला जाऊन सहा आठवडे झाले. वहिनीचा फोन आला तेव्हा मी अजमानहून दुबईला त्याच्याकडेच निघाले होते, गाडीची किल्ली हातात होती. ती एवढंच म्हणाली, "खलास गं नीलू..."

दादा दुबईत गालिच्यांच्या दुकानात होता. रशियन गिऱ्हाइकांकडून शब्द शिकायचा आणि ते अर्थासकट देवनागरीत वहीत लिहून ठेवायचा. त्याच्या पोटातल्या गाठीचा रिपोर्ट आला, तेव्हा वहिनीनं आम्हाला शपथ घातली, त्याच्यासमोर नाव काढायचं नाही. मग आम्ही "ते", "इन्फेक्शन", "पोटाचं" असं काहीबाही बोलत राहिलो. मला तर एकटी असतानाही तो शब्द उच्चारायची धास्ती वाटायची... उच्चारला आणि खरा झाला तर!

शेवटच्या भेटीत, अल मनखूलच्या त्याच्या फ्लॅटमध्ये, मी सफरचंद चिरत होते. दादानं वही उघडली. "ऐक. अस्वलाला रशियनमध्ये मेदवेद म्हणतात. म्हणजे मध खाणारा. यातला 'मेद' म्हणजे आपला मधच बघ. पूर्वी लोक त्याचं खरं नाव घ्यायला घाबरायचे, घेतलं तर येईल म्हणून. मग हे टोपणनावच राहिलं आणि खरं नाव सगळे विसरून गेले."

"आपण नाही का सापाला जनावर म्हणत?"

"हो. पण नाव घेतलं नाही म्हणून अस्वल यायचं थांबलं का गं?" त्यानं सरळ माझ्याकडे बघितलं. "मला चालता येतंय तोवर साताऱ्याला, आपल्या घरी जायचंय."

अगं बाई, याला सगळं कळलंय! आणि मी भित्री भागूबाई काय म्हणाले? "इन्शाल्ला, बरं वाटलं की जाऊ." ट्रॅफिकचं निमित्त सांगून पळालेच मी तिथून. चौथ्या दिवशी तो गेला. त्याचं साताऱ्याला जाणं राहिलं, आणि ते माझ्या भित्रेपणामुळे राहिलं.

वही आता माझ्याकडे आहे. गेल्या आठवड्यात माझ्या काखेत हाताला गाठ लागली. डॉक्टरांना तोच संशय आहे. लेक रोज विचारते, "आई, व्हॉट डिड द डॉक्टर से?" मी रोज सांगते, ॲलर्जी आहे.

आज वही काढली. मेदवेदच्या पानावर, अगदी खाली, दादाच्या थरथरत्या अक्षरात एकच शब्द आहे... कॅन्सर. त्यापुढे अर्थ लिहिलेला नाही. मी लेकीला जवळ बोलावलं आणि त्या शब्दावर बोट ठेवलं. तिला मराठी वाचता येत नाही. मग मलाच तो मोठ्यानं वाचावा लागला.