सुभेदाराचा आवाज आन् आबांची जांघ

हार्टची गोष्ट म्हटल्यावर तुमी छातीवर हात ठिवला आसंल. काढा. ही गोष्ट जांघेतली हाय, आन् घोळ डाक्टरनं न्हाई, मी घातला.

आमचं आबा फौजेतनं हवालदार म्हणून रिटायर झाल्यालं. एकोणीसशे नव्वदनंतरची गोष्ट. औंधास्नं सांगलीला नेऊन त्यांच्या हार्टची अँजिओग्राफी केली. जांघेतल्या शिरेतनं नळी घातली, काढली, रक्त येऊ नये म्हणून वर वाळूची पिशवी ठिवली. डाक्टर म्हणालं, "उद्यापर्यंत पाय सरळ. उठायचं नाही."

मला नकलांची लय खाज. आबांच्या जुन्या सुभेदारसाहेबांची नक्कल तर गावात फेमस. दुपारी आबा पेंगल्यालं बघून मी दाराआडनं आवाज काढला, "हवालदार! सावधान!"

आबा झोपंतच ताडकन खाली उभं. हात कपाळाला, पिशवी फरशीवर.

मी हसत आत आलो. आबांचा चेहरा बघितला आन् त्यांना धरून परत खाटंवर निजवलं. तासाभरात जांघंत लिंबाएवढी गाठ आली. हात लावला तर आत ठोकं पडत्यात.

डाक्टरांनी रंगीत सोनोग्राफी केली. "शिरेचं भोक उघडलंय, रक्त बाहेर येतंय. चिरून टाका घालता येईल, पण यांचं हृदय ते सोसेल याची खात्री नाही. आधी वरून दाबून बघू. पाय हलला तर पुन्हा पहिल्यापासून."

त्यांनी सोनोग्राफीचा दांडा गाठीवर रोवला आन् अंगाचा भार टाकला. पडद्यावर गाठीतलं रक्त लाल-निळं भिरभिरत हुतं. दहा मिनटांनी हात ढिला करून बघितलं. तसंच भिरभिरतंय. पुन्हा दाबलं.

आबा घामानं भिजलं. "सोडा वं डाक्टर! न्हाई सोसत!" पाय थरथरायला लागला.

"धरा त्यांना!" डाक्टर माझ्यावर वरडलं.

मी काय धरणार? उसाच्या मोळ्या फेकणारा गडी त्यो. काय सुचंना, तोंडातनं त्योच आवाज निघाला. "हवालदार! हिलना नहीं!"

आबा काठीवानी ताठ. डोळं छताला. मी हुकूम देत ऱ्हायलो. डाक्टरांचं अंगठं पांढरं पडलं, तवा त्यांनी हात उचलला. पडद्यावर भिरभिर न्हाई.

"बंद झालं," ते म्हणालं, आन् खुर्चीत बसलं.

दुसऱ्या दिशी घरी निघताना आबांनी इचारलं, "दाराआड बी तूच हुतास न्हवं?"

"व्हय."

"गाढवा, साहेब वारून दोन वर्सं झाली. तरी उठलो मी. मरायचो की रं! हुकमाची मस्करी करतूस? गावात पुन्हा त्यो आवाज ऐकला तर जीभ हातात दीन. बघतूस काय? चपला घाल माझ्या पायात, मला वाकायचं न्हाई."