मावसोबांच्या कानातले दडे

पोलादपूरच्या वर डोंगरातल्या वाड्यांवर मोबाइलची रेंज इतक्या उशिरा का पोचली, याचं माझं उत्तर ठरलेलं आहे. गरजच नव्हती. तिथे आमचे मावसोबा होते. मावशीचे यजमान अंगाने काटकुळे, पण अंगणातून त्यांनी हाक मारली की पलीकडच्या डोंगरावर गुरं राखणारा माणूस 'आलो' म्हणायचा. एसटी आली, कुणाची म्हैस व्याली, गावकीची बैठक बसली, वाडीला सगळं मावसोबांकडूनच कळायचं. जेवताना मीठ मागायलाही तोच आवाज. ते महाडला आमच्याकडे मुक्कामाला आले की आमची भाजी काय आहे ते सगळ्या आळीला समजायचं. मावशी जन्मभर एकच वाक्य बोलत आली, "हळू बोला वो, मी हितंच हाय."

गेल्या माघात सर्दी झाली आणि मावसोबांचा डावा कान फुटला. मी त्यांना महाडच्या डॉक्टरांकडे नेलं. औषधाने ठणका गेला, पू थांबला, पण कानात दडे बसले ते बसलेच. त्यात त्या बाजूचं डोकं धरायचं. डॉक्टर म्हणाले, "पडद्यामागे अजून पाणी आहे, ओसरायला वेळ लागेल. कानात काही घालू नका. अधूनमधून घोट गिळा, जांभई द्या." झालं! वाडीने लसणीचं तेल सुचवलं, शेक सुचवला, मावसोबांनी सगळ्यांना वाटेला लावलं. डॉक्टरांचा शब्द म्हणजे देवाचा कौल. ते जिथे बसतील तिथे जांभया देऊ लागले. पुतणीला बघायला खेडहून पाहुणे आले, तर त्यांच्यासमोर पाटावर बसून हे एकामागून एक जबडा फाडतायत. पाहुणे बिचारे चहा अर्धा टाकून उठले. मावशीला दुखऱ्या गुडघ्यांनी पाणंदीपर्यंत धावत जाऊन त्यांना कानाची कहाणी सांगावी लागली. तरी लग्न ठरलं, हे त्या पोरीचं नशीब.

मध्ये एकदा मावशी आणि मावसोबा दोघं महाबळेश्वरकडे निघाली होती. आंबेनळी घाट चढताना एका वळणावर कानात टक झालं आणि कान मोकळा. आनंदाच्या भरात मावसोबांनी शेजारच्या मावशीला "सुटला गो" अशी हाक दिली. ड्रायव्हरने गाडीच उभी केली. परतताना घाट उतरला आणि कान पुन्हा बंद. मला म्हणतात, "आमच्या वाडवडलांनी घरच चुकीच्या जागी बांधलं. जरा वर बांधलं असतं तं ही पाळी आली नसती."

इथवर हसायला ठीक होतं. पण कान बसल्यामुळे त्यांचा स्वतःचाच आवाज त्यांच्या डोक्यात घुमायचा आणि कपाळ फुटायला यायचं. म्हणून मावसोबा कुजबुजू लागले. सुरुवातीला मावशीला बरं वाटलं. मग तीच मला फोनवर म्हणाली, "घर खायला उठतं रे. मानूस घरात हाय का नाय, कायच समजत नाय."

त्यात शिमगा तोंडावर आला. पालखी सहाणेवर, म्हणजे गावातल्या तिच्या चौथऱ्यावर, बसली की वाडीच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान मावसोबांच्या घराण्याचा. आजवर त्यांनी तो कधी चुकवला नव्हता. आता ते पार खचले. "देवाम्होरं कुजबुजून चालतं काय? देवाला काय ऐकू जायचं? औंदा दुसऱ्या कुनाला उभा करा." मुंबईहून आलेला पुतण्या माइक लावतो म्हणाला. मावसोबांनी त्याच्याकडे पाहिलं मात्र, तो माइक पिशवीतून बाहेर आलाच नाही.

पालखी बसली. ढोल थांबले. मावसोबा मागे मागे सरत होते, तेव्हा मावशीनेच दंडाला धरून त्यांना पुढे उभं केलं. त्यांनी डाव्या कानावर तळहात दाबला आणि पुटपुटायला लागले, "बा म्हाराजा, पोटासाठी मुंबईला गेलेल्या तुझ्या लेकरांची राखन कर." माणसं एकमेकांना खेटत जवळ आली. दर साली 'होय म्हाराजा' म्हणताना डोंगर दणाणतो. त्या दिवशी सगळी वाडी अगदी हळू म्हणाली, "होय म्हाराजा." कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मावसोबांचं डोकं दुखू नये, एवढंच. शेवटी मावसोबा जरा थांबले आणि त्यांच्या बापजाद्यांच्या गाऱ्हाण्यात कधीच नसलेलं बोलले, "आनि हिचे गुडघे बरे कर, म्हाराजा. लय सोसलंय तिनं माझं." वाडी पुन्हा हळूच म्हणाली, "होय म्हाराजा." मावशीने पदर तोंडाला लावला.

वैशाखात कान सुटला. आता हाक पुन्हा डोंगरापार जाते, मावशी पुन्हा 'हळू बोला' म्हणते, आणि मी त्यांचा फोन कानापासून हातभर लांब धरतो. कधी कधी वाटतं, एकदा तरी त्यांनी तसं हळू बोलावं. मग शिमग्याआधीचं ते गप्प घर आठवतं, आणि मी फोन आणखी थोडा लांब धरतो.