सासऱ्यांसमोर पेला

माझं आणि सासऱ्यांचं कधीच पटलं नाही. सून नोकरी करते म्हणजे घराची अब्रू वेशीवर टांगते, असं त्यांचं मत. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस. मत एकदा बनलं की बनलं. मी साताऱ्यात शाळेत शिकवायचे, नवरा तिथंच कारखान्यात. सासू-सासरे आष्ट्याजवळ मळ्यात. मधलं अंतर दोन्हीकडे मानवत होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, दुर्दैवानं बोलणंही सुधारलं, पण उजवा हात लुळाच राहिला. डाव्या हातानं जेवायला ते मेले तरी तयार नव्हते. त्या हाताचं काम वेगळं, म्हणाले. सासूबाईंचे हात कापायचे. मग घास भरवायला बिनपगारी रजा टाकून मी. जूनपर्यंत आला नाहीत तर दुसरी बाई घेऊ, असं मुख्याध्यापिकांनी तोंडावर सांगितलं होतं. म्हणजे यांचा हात चालला तरच माझी नोकरी राहणार.

सांगलीला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी उपाय सांगितला. सुनेनं समोर बसून उजव्या हातानं पेला सावकाश उचलायचा, ओठाला लावायचा, खाली ठेवायचा. यांनी ते नीट बघायचं, मग डोळे मिटून आपलाच हात तसं करतोय असं मनात आणायचं. ऐकायला सोपं. पण आमच्याकडे सून सासऱ्यासमोर खुर्चीवर बसत नाही, पाणी पिणं तर लांबच. मी बसले, डोक्यावर पदर न घेता. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"बाईमाणसाकडं बघून हात उचलायला शिकू व्हय? फौजेत आमी पोरं शिकवल्यात."

मीही काही कमी हट्टी नव्हते. रोज त्यांच्या नाकासमोर पेला उचलायचे, मुद्दाम घोटाचा आवाज करत. हळूहळू ते बघायला लागले, तेही डोळे वटारून. मग डोळे मिटायचे; कपाळाला आठ्या, जबडा आवळलेला. सासूबाईंना वाटायचं नामस्मरण चाललंय. मला वाटायचं, झोपेचं सोंग.

मे महिन्यात एका दुपारी मी आमटी-भाताचा घास त्यांच्या ओठाशी नेला. त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला, थरथरत वर आला आणि माझ्या मनगटावर आदळला. घास साडीवर सांडला. सासूबाई रडायलाच लागल्या आणि देवापुढे साखर ठेवायला धावल्या. मी विचारलं, "मामंजी, मनात पेला धरला होता ना?"

"पेला कशाला? तुजा हात तोंडाम्होरनं बाजूला सारायचा, येवढंच रोज मनात घोळवत हुतो."

संताप झाला. मी ताट त्यांच्यापुढे सरकवलं आणि म्हटलं, आता तोच हात खाली न्या. अर्धं अंगावर सांडत ते जेवले, माझ्याकडे न बघता. जूनमध्ये मी शाळेत रुजू झाले. आम्हा दोघांना एकच गोष्ट हवी होती आणि ती मिळाली. तरी मनगटावरचा तो फटका मला अजून लागतो.