चुकलोसाहेब

आमच्या चर्चच्या मंडळीतून पाळकसाहेबांची बदली झाली ती माझ्यामुळे. मंडळीत आजही पुष्कळांना वाटतं की वरून आदेश आला आणि ते गेले. आदेश वरूनच आला होता. पण तो यावा यासाठी जे बोलायला लागतं ते मी बोललो होतो. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं, आणि या एकाच गोष्टीचा आधार घेऊन मी पुष्कळ वर्षं काढली.

ते नाशिकला आले तेव्हा एक कुंभमेळा नुकताच आटोपला होता. मूळचे नगरकडचे, पन्नाशी ओलांडलेले, उंच आणि मानेत थोडे वाकलेले. सायकलवरून येताना दिसले की आधी त्यांचा पांढरा झगा ठेवलेली कापडी पिशवी दिसायची, मग ते. मी तेव्हा सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये होतो आणि मंडळीच्या कमिटीचा सेक्रेटरी होतो. माझ्याआधी माझे वडील सेक्रेटरी होते, त्यामुळे ती खुर्ची आपल्या घरचीच आहे असं मला वाटायचं.

वर्षाच्या शेवटच्या रविवारी पाळकाने उपासनेनंतर वर्षाचा अहवाल वाचायचा, ही आमच्याकडची जुनी पद्धत. बाप्तिस्मे किती, लग्नं किती, दफनं किती, छपराचे पत्रे बदलले की नाही. लोक अर्धवट ऐकत आणि अर्धवट घरच्या मटणाचा विचार करत. पहिल्याच वर्षी पाळकसाहेबांनी तो अहवाल घडाघडा वाचला, चष्मा काढून हातात धरला आणि म्हणाले, "हे जे झालं ते. आता माझ्याकडून जे व्हायला हवं होतं आणि झालं नाही, तेही ऐकून घ्या."

मग ते सांगत गेले. सुमनमावशी शेवटच्या आजारात होत्या, त्यांनी प्रभुभोजनासाठी, म्हणजे शेवटची भाकर आणि द्राक्षारस घेण्यासाठी, बोलावणं पाठवलं होतं. "मी जेवून झोपलो होतो. संध्याकाळी गेलो तेव्हा बायका त्यांना शेवटची आंघोळ घालत होत्या. चुकलो." एका तरुण जोडप्याला त्यांनी सगळ्यांसमोर रागावून बोलायला नको होतं. चुकलो. एका माणसाची नोकरी गेली हे त्यांना चार महिन्यांनी कळलं, कारण तो मागच्या बाकावर बसायचा आणि पाळकसाहेब मागच्या बाकापर्यंत पोचलेच नव्हते. चुकलो. शेवटी ते म्हणाले, "पुढच्या वर्षी यातलं थोडं तरी कमी व्हावं म्हणून प्रार्थना करा," आणि आशीर्वाद देऊन मोकळे झाले.

त्या दिवशी तरुण संघातल्या पोरांनी त्यांना चुकलोसाहेब हे नाव ठेवलं. पाळकीणबाईंच्या ते कानावर गेलं. त्या म्हणाल्या, "बाहेर चुकलो म्हणतात. घरी एकदा म्हणाले असते तर मी कॅलेंडरवर खूण केली असती." पण त्या नावात चेष्टा फार दिवस राहिली नाही. पुढच्या आठवड्यांत एक वेगळीच गोष्ट घडू लागली. लोक त्यांच्याकडे जाऊन बोलू लागले. जे दारू लपवत होते ते, ज्यांच्या सुना माहेरी निघून गेल्या होत्या ते. एका म्हाताऱ्याने मला सांगितलं होतं, "जो आपली चूक सांगतो त्याच्याजवळ आपली सांगायला लाज नाय वाटत." तेव्हा मी मान डोलावली होती.

त्यांची दुसरी सवय चहाची. कुठल्याही घरी चहाला ते नाही म्हणत नसत. उन्हातान्हात घरभेटी करून आले की पाळकीणबाई विचारत, चहा टाकू का? ते म्हणत, झाला. "कितव्यांदा ते विचारू नका," असं पाळकीणबाई आम्हाला सांगत. प्रार्थना मात्र लहान करायचे. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये एकदा मी त्यांच्याबरोबर होतो. खाटेशी उभं राहून त्यांनी चार वाक्यांत प्रार्थना संपवली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "पाळकसाहेब, फार लवकर आटोपलं." ते म्हणाले, "देवाला घाई नसते, सेक्रेटरी, पण पेशंटला असते. त्याला कूस बदलायची होती."

असे तीन शेवटचे रविवार झाले. तिसरा माझ्या वाट्याला आला.

माझे वडील त्या वर्षी पावसाळ्यात गेले. दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, कबरीवर दगड बसवला. वडिलांचं नाव, तारखा, एक वचन आणि खाली 'मुलगा' म्हणून स्वतःचं एकट्याचं नाव. मला विचारलं नाही. मी म्हटलं, माझं नाव कुठे आहे? तो म्हणाला, "दवाखान्यात रात्री कोण बसलं होतं? त्याचं नाव आहे." त्या दिवसापासून आमचा अबोला सुरू झाला. आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर होती. मी दफनभूमीच्या त्या कोपऱ्यात जायचं सोडून दिलं.

पाळकसाहेब दोन्ही घरी गेले. माझ्याकडे चहा घेतला, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "तुमचं बरोबर आहे." मला फार बरं वाटलं होतं.

डिसेंबरातल्या त्या रविवारी ते म्हणाले, "दोन सख्ख्या भावांत अबोला आहे. मी दोघांच्या घरी चहा प्यालो आणि दोघांनाही म्हणालो, तुमचंच बरोबर आहे. मला कुणालाच दुखवायचं नव्हतं. म्हणजे मला माझा चहा सोडायचा नव्हता. चुकलो." त्यांनी नावं घेतली नाहीत. घ्यायची गरजही नव्हती. आधी बायकांच्या बाजूने हसू फुटलं, मग सगळं चर्च हसलं. पलीकडच्या रांगेत दादाही हसला. बाहेर पडताना किती महिन्यांनी तो माझ्याशी बोलला, "काय रे सेक्रेटरी, चहा कुणाकडचा चांगला होता म्हणे?" त्याने हात पुढे केला होता हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटलं, आपली धिंड निघाली आहे आणि ती पाळकाने काढली आहे.

जानेवारीत पाळकसाहेब दोनदा माझ्याकडे आले. दोन्ही वेळा मी आतल्या खोलीत बसून बायकोला सांगितलं, घरात नाहीत म्हण. ती म्हणाली, "अहो, खोटं बोलायला लावता, तेही पाळकांशी?" पण बोलली. दुसऱ्या वेळी ते ओट्यावर बराच वेळ बसले आणि मग सायकल हातात धरून चालत गेले. मी खिडकीच्या फटीतून बघत होतो.

फेब्रुवारीत वरच्या कार्यालयातून मोठे साहेब वार्षिक भेटीला आले. चर्चच्या मागच्या खोलीत कमिटी बसली, पाळकसाहेबही बसले. दरवर्षीप्रमाणे साहेबांनी विचारलं, "पाळकांच्या कामाबद्दल कुणाचं काही म्हणणं आहे का?" या प्रश्नाला 'नाही साहेब, सगळं ठीक' असं उत्तर द्यायचं आणि जेवायला उठायचं असतं.

मी उभा राहिलो. म्हणालो, "साहेब, हे मी म्हणत नाही. पाळकसाहेब स्वतः सगळ्या मंडळीसमोर म्हणाले आहेत." आणि तीन वर्षांत त्यांनी वेदीसमोर उभं राहून जे जे सांगितलं होतं ते एकामागून एक म्हणून दाखवलं. सुमनमावशी प्रभुभोजनाविना गेल्या. नोकरी गेलेल्या माणसाची चार महिने विचारपूस नाही. तरुणांचा अपमान. घरगुती भांडणात दोन्हीकडे दोन बोलणं. मला सगळं पाठ होतं. माझ्याइतकं मन लावून त्यांना कुणी ऐकलं नसेल.

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. "हे खरं आहे?"

"खरं आहे," पाळकसाहेब म्हणाले. मग म्हणाले, "सुमनमावशींचं मात्र पूर्ण खरं नाही. मी झोपलो नव्हतो. शेजारीण हाक मारत होती ते मला ऐकू येत होतं. मी पांघरूण ओढून घेतलं. एवढं मंडळीला सांगायचं मला धाडस झालं नव्हतं."

साहेब म्हणाले, "अहो, पण हे असं लोकांसमोर सांगतात का?" जेवणात पाळकसाहेबांनी साहेबांना वाढलं, मलाही वाढलं.

उन्हाळ्यात बदली आली, सुरगाण्याच्या बाजूला. त्यांच्या वयाला आणि पाळकीणबाईंच्या गुडघ्यांना ती चढउताराची जागा म्हणजे शिक्षाच होती. निरोपसमारंभात सेक्रेटरी म्हणून शाल मीच घातली, आभाराचं भाषणही मीच केलं. शाल घालताना ते हळूच म्हणाले, "वेळ काढून वडिलांकडे एकदा जाऊन या." मला वाटलं, जातानाही उपदेश सुटत नाही.

मी गेलो नाही. दीडेक वर्षाने एका दफनाला गेलो असताना गर्दीमुळे त्या कोपऱ्यात ढकलला गेलो आणि दगड समोर आला. दादाच्या नावाखाली माझं नाव होतं. नंतर कोरलेलं, जागा कमी म्हणून अक्षरं दाटीवाटीने बसवलेली. आत मुरलेली धूळ सांगत होती की ते कालपरवाचं नव्हतं.

तिथून मी सरळ दादाच्या घरी गेलो. त्याला विचारलं, कधी केलंस? तो म्हणाला, "त्याच नाताळानंतर. पाळकसाहेब आले होते. मी चहा सांगितला तर म्हणाले, आज चहा नको, आज तुमचं चुकलंय हे सांगायला आलोय. पाथरवटाकडेसुद्धा तेच आले माझ्याबरोबर." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला वाटलं, तू बघितलंस आणि तरी आला नाहीस." म्हणजे जानेवारीत माझ्या ओट्यावर ते हेच सांगायला बसले होते, आणि जे माझंही चुकत होतं ते सांगायला.

नंतरच्या पाळकांचा अहवाल नीटनेटका असायचा. लोक टाळ्या वाजवायचे. मंडळीत पुन्हा सगळ्यांचं सगळं ठीक झालं. एका घरातल्या मुलाने रॉकेल ओतून घेतलं तेव्हा आम्हाला कळलं की त्या घरात दोन वर्षं काहीतरी चाललं होतं. ते कुणी कुणाजवळ बोललं नव्हतं. मी त्या दफनाला उभा होतो आणि मनात म्हणत होतो, हे घर कुणाकडे गेलं असतं ते मला माहीत आहे.

तरीही मला पाळकसाहेबांकडे जायला अजून काही वर्षं लागली. पुढचा कुंभमेळाही होऊन गेला. एकदा कळलं की पाळकसाहेब निवृत्त होणार आहेत, तेव्हा सुट्टी टाकली. एसटीने सुरगाण्यापर्यंत आणि पुढे जीपने. डिसेंबर होता. भात कापून झालं होतं आणि अर्धी मंडळी पोराबाळांसह खाली द्राक्षांच्या बागांत कामाला उतरली होती. चर्च म्हणजे एक पत्र्याची खोली, शेजारी दोन खोल्यांचं घर.

पाळकीणबाईंनी दार उघडलं. "या सेक्रेटरी," म्हणाल्या. "बसा. ते वरच्या पाड्यावर गेलेत. येतील." पाणी दिलं. बराच वेळ त्या तांदूळ निवडत राहिल्या. मग मीच विचारलं, येत्या रविवारी अहवाल असेल ना?

"असतो की," त्या म्हणाल्या. "बाप्तिस्मे एवढे, लग्नं एवढी. इथं आल्यावर पहिल्याच वर्षी मी त्यांना म्हटलं, आता ते दुसरं पुरे. यापुढे बदली करायला डोंगरसुद्धा उरला नाही. तेवढं एकच ऐकलं त्यांनी माझं, सगळ्या संसारात." सुपातला एक खडा त्यांनी बाहेर टाकला. "गेल्या वर्षी त्या रविवारी घरी येऊन जेवले नाहीत. विचारलं तर म्हणाले, मी आज खोटं नाही बोललो, पण खरंही नाही बोललो. हे तुम्हाला सांगते, कारण तुम्हाला कळायला पाहिजे."

पाळकसाहेब आले. पुष्कळ वाळले होते. मला बघून इतके आनंदले की मला खुर्चीत बसवेना. एकेका घराची चौकशी केली, दादाची केली, मागच्या बाकावरच्या माणसाची नावानिशी केली. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्यांनी हाताने थांबवलं. "ते राहू द्या, सेक्रेटरी. तुम्ही खरं तेच बोललात. मी पात्रच होतो त्याला."

त्यांच्या मनात हेच बसलं आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी येताना एसटीत जे जुळवलं होतं ते सगळं बाजूला ठेवलं आणि पाळकीणबाईंनाही बसायला सांगितलं.

म्हणालो, "पाळकसाहेब, ते खरं होतं म्हणूनच मी तुम्हा दोघांची क्षमा मागायला आलोय. खोटं बोललो असतो तर तुम्हाला ते खोडता तरी आलं असतं. तुम्ही ते आमच्यासाठी बोलला होतात, आम्हाला बोलता यावं म्हणून. मी ते तुमच्यावर उलटवलं, कारण मंडळी हसली आणि मला लाज वाटली. तुमच्या कामातल्या उणिवांसाठी तुम्हाला इथे पाठवलं नाही. माझ्या रागासाठी पाठवलं. मला क्षमा करा."